एकवीरेची जत्रा, मुक्काम तिकोणा पेठ!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्यायचं हं! लग्न झाल्यापासून नवरा, मुलं, सासूबाई यांपैकी कुणीही बरोबर नसताना तुम्ही दोन रात्री घराबाहेर कधी राहिल्या आहात? माहेरपण धरायचं नाही. दवाखान्यातला मुक्काम तर मुळीच धरायचा नाही. गेल्या, हसल्या, नाचल्या, आयतं जेवल्या आणि परत आल्या, असं कधी घडलंय?

माझ्या बाबतीत ते घडायला तब्बल बावीस वर्षं लागली. त्याचीच ही हकीकत. पण नुसती सहलीची हकीकत नाही. तिच्या पोटात माझी एक चूकही आहे. ती ओघानं सांगेनच.

आम्ही चौघी साताऱ्यात एकाच आळीत राहणाऱ्या. खरी नावं छापली तर घरी बोलणी बसतील, म्हणून आम्ही एकमेकींना ज्या नावांनी हाक मारतो तीच इथे लिहिते. शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या त्या बाई. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली ती धाकटी. माझ्या भिंतीपलीकडच्या त्या वहिनी. आणि चौथी मी.

खूळ धाकटीच्या डोक्यातलं. तिला गोव्याचा कार्निव्हल बघायचा होता. टीव्हीवर तिनं ते रंगीत चित्ररथ, मुखवटे आणि हात हलवत जाणारा किंग मोमो पाहिला होता. बाईंनी लगेच वर्ग घेतला. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ सुरू होण्यापूर्वी चार दिवस खाऊन-पिऊन, नाचून-गाऊन घ्यायचं, असा हा सण. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आला. कोकणीत त्याला इंत्रुज म्हणतात. मधे तो मंदावला होता, पण १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर पुन्हा थाटात सुरू झाला. २०२५ मध्ये तो १ ते ४ मार्चला होता. मार्चची सुरुवात म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको! कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या घरी मार्चअखेरचे हिशोब. चौघींपैकी एकीचाही पाय उंबऱ्याबाहेर पडला नाही. धाकटी हिरमुसली.

तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, नाचणारी माणसंच बघायचीत ना तुला? मग पणजीला कशाला जायला हवं? चैत्रात माझ्या माहेरी चला. एकवीरेची जत्रा दाखवते."

बाईंचं माहेर तिकोणा पेठेचं. मावळात, पवना धरणाच्या पाण्याकाठी, तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं गाव. तिथून कार्ल्याची एकवीरा काही लांब नाही. चैत्र शुद्ध सप्तमीला देवीची पालखी निघते. ती सप्तमी २०२५ मध्ये ४ एप्रिलला, नेमकी शुक्रवारी आली होती. शनिवार-रविवार जोडून मिळाले, रविवारी रामनवमी. पंचांगच आमच्या बाजूनं होतं म्हणा ना!

आता चूक सांगते.

वहिनींचं सासर मूळचं अलिबागकडचं आणि कुलदैवत एकवीरा. दरवर्षी चैत्रात त्या जोडीनं जाऊन ओटी भरायच्या. दीड वर्षापूर्वी त्यांचे यजमान गेले. त्यानंतरच्या चैत्रात, म्हणजे २०२४ मध्ये, मी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं, आणि वहिनींना बोलावलं नाही. भिंतीला भिंत लागून घर! आंब्याची डाळ मी नंतर डब्यातून पाठवली. मनाशी म्हटलं, उगीच त्यांना वाईट वाटेल, बायका काहीतरी बोलतील, त्यापेक्षा नकोच. डबा त्यांनी परत पाठवला तो रिकामा नाही, चार खडीसाखरेचे खडे घालून. त्या खड्यांनी वर्षभर माझ्या मनात टोचलं. पण बोलले काही नाही. त्याही बोलल्या नाहीत.

तर जत्रेला येता का म्हणून आम्ही त्यांना विचारायला गेलो. त्या आधी "नको" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ओटी आता सूनबाई भरेल, असं घरात ठरलंय. मी येईन ती नुसती तुमच्या सोबतीला." आणि सामान बांधताना मी पाहिलं, पिशवीच्या तळाशी त्यांनी हिरवा खण घडी करून ठेवला होता. मी न पाहिल्यासारखं केलं.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं निघालो. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत निम्मं तिकीट झालंय, त्यामुळे धाकटी म्हणाली, "एक गेली की एक फुकट!" स्वारगेटला उतरून पुणे स्टेशन, तिथून लोणावळा लोकल. कामशेतनंतरचं मळवली स्टेशन आलं तेव्हा डब्यातली निम्मी गर्दी तिथेच उतरली. टोपल्या, नारळ, ढोलकी, कडेवर पोरं. मळवलीहून रिक्षानं इंद्रायणीचा पूल ओलांडून, जुना मुंबई-पुणे रस्ता पार करून वेहेरगावाकडे लागलो, आणि मग मात्र रिक्षावाला म्हणाला, "ताई, आता चालायचं. इथून पुढं देवीचं राज्य."

आणि खरंच, मैत्रिणींनो, काय तो थाट! मुंबई, ठाणे, रायगडकडचे कोळी आणि आगरी गावंच्या गावं लोटलेली. मासेमारीच्या ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला ठेवून कोळी लोक आईला भेटायला येतात. कोळणींची ती चापूनचोपून नेसलेली लुगडी, अंबाड्यावर वेण्या आणि गजऱ्यांचे ढीग, अंगावर ठसठशीत सोनं. एका रंगाच्या साड्या नेसलेला बायकांचा एक घोळका, तर एका रंगाचे सदरे घातलेला तरुणांचा दुसरा. पुढे बँडवाले, बेंजोवाले. डोक्यावर घट घेऊन नाचणाऱ्या आज्या. धाकटीनं माझा दंड दाबला आणि म्हणाली, "हाच की कार्निव्हल!"

कायस्थ प्रभूंची कितीतरी घराणीही इथली. प्रबोधनकार ठाकऱ्यांच्या घराण्याचं कुलदैवत हीच एकवीरा. रांगेत आमच्या पुढे मुंबईच्या एक वकीलबाई, मागे उरणकडच्या मासळीवाल्या. कुणी कुणाला "तुम्ही कोण?" असं विचारलं नाही. "कुठून आलात?" आणि "पाणी आहे का?" हे दोनच प्रश्न.

देवीची आणखी एक रीत मला फार आवडली. जवळच्या देवघर गावी काळभैरवनाथ आहे. तो देवीचा भाऊ मानतात. षष्ठीला आधी भावाची पालखी, सप्तमीला बहिणीची. जुने लोक आधी भावाचं दर्शन घेतात, मग डोंगर चढतात. म्हणजे देवी झाली तरी तिला माहेरचं माणूस आहे बरं का!

डोंगर चढायला काही शे पायऱ्या आहेत. आम्ही नऊ ठिकाणी बसलो. बाईंचे गुडघे, माझं वजन आणि धाकटीचे फोटो, अशी तिन्ही कारणं होती. वहिनी मात्र सरसर चढत होत्या. दरवर्षीचे पाय ते.

वर पोचलात की एक गंमत दिसते. देवीचं देऊळ आणि कार्ल्याचं दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं अगदी अंगणाला अंगण लागून. लेण्याच्या तोंडाशी एका बाजूला चार सिंहांचा उंच खांब आणि दुसऱ्या बाजूला आईचं देऊळ. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं, अशी गोष्ट सांगतात. आत देवी शेंदरी तेजानं बसलेली, शेजारी जोगेश्वरी.

ओटीच्या रांगेत दोन तास गेले. उन्हाचा चटका, पण बोलत बोलत कळलं नाही. देवळाजवळ देणगीची पावती फाडायला आम्ही थांबलो. लिहिणाऱ्या मुलानं वर न बघता विचारलं, "पावती कोणाच्या नावानं?" आम्ही तिघींनी सवयीनं आपापल्या यजमानांची नावं सांगितली. वहिनींची पाळी आली तेव्हा त्या थांबल्या. त्यांनी आतापर्यंत जे नाव सांगितलं होतं ते आता सांगता येत नव्हतं. मागची रांग चुळबुळ करायला लागली. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, ते त्यांचं स्वतःचं नाव. एवढ्या वर्षांत आम्ही त्यांना "वहिनी" म्हणतोय. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, मैत्रिणींनो! मला शरम वाटली.

आत गेल्यावर मी त्यांच्या मागेच होते. त्यांनी पिशवीतला खण बाहेर काढला आणि तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. पुजाऱ्यांनी हात पुढे केला. काही विचारलं नाही, कपाळाकडे पाहिलं नाही. खण, तांदूळ, नारळ घेतला, देवीच्या पायाशी ठेवला, प्रसादाचं फूल वहिनींच्या ओंजळीत टाकलं आणि "चला, चला, पुढे चला" म्हणून सगळ्यांसारखं त्यांनाही पुढे ढकललं. इतकं साधं होतं ते! ज्याचा आम्ही चौघींनी महिनाभर मनातल्या मनात डोंगर केला होता, ते तीन सेकंदांत झालं.

पालखीला वेळ होता म्हणून बाई आम्हाला लेण्यात घेऊन गेल्या. तिथलं चैत्यगृह आपल्या देशातलं दगडात कोरलेलं सगळ्यांत मोठं. सव्वाशे फुटांच्या आसपास लांब, पंचेचाळीस फुटांच्या वर उंच. आत शिरलात की बाहेरचा ढोल एकदम लांब गेल्यासारखा वाटतो. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर हत्तींवर बसलेल्या जोड्या. आणि छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या. त्यांतल्या कितीतरी त्या काळच्याच आहेत. आपल्या घरातलं कपाट दहा वर्षांत वाळवी खाते, आणि इथे दोन हजार वर्षांपूर्वीचं सागवान!

बाईंनी खरी नवलाई पुढेच सांगितली. हे लेणं एका राजानं बांधलेलं नाही. वैजयंती म्हणजे आजची कर्नाटकातली बनवासी. तिथल्या भूतपाल नावाच्या शेठनं मोठा भाग केला. बाकी खांब, कोरीव काम लोकांनी आपापल्या पैशांनी दिलं आणि दगडावर नावं कोरली. धेनुकाकट गावचे यवन आहेत, व्यापारी आहेत, आणि बायकाही आहेत. कोडी नावाची एक भिक्षुणी आहे, घुणिकाची आई. आणि भायिला नावाची बाई आहे, महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई. "दान भायिलाचं," असं ब्राह्मी लिपीत लिहिलंय.

"मुलाचं नाव आहे बरं का बरोबर," धाकटी म्हणाली.

"असेना," बाई म्हणाल्या, "पण दान मुलाचं नाही, भायिलाचं आहे."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पदराच्या गाठीत बांधलेली ती पावती त्यांनी एकदा चाचपून पाहिली.

संध्याकाळी पालखी निघाली. काय सांगू! गुलाल, फुलं, "आई माउलीचा उदो उदो" असा गजर, आणि सगळा डोंगर नाचतोय. आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या होतो. साताऱ्याच्या मध्यमवर्गीय बायका आम्ही, गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा कधी पाय उचलला नाही. धाकटी केव्हाच आत घुसली होती. इतक्यात एक सत्तरीची कोळीण आजी, कमरेला पदर खोचलेली, नाचत नाचत आमच्या समोर आली. तिनं बाईंना कुंकू लावलं, मला लावलं, आणि तोच हात वहिनींच्या कपाळाकडे नेला. वहिनी मागे सरकल्या. आजीच्या ध्यानात आलं. मला वाटलं, आता ती हात मागे घेईल.

तिनं घेतला नाही. म्हणाली, "काय झायला गो बाय? आयचे दारान सगल्या पोरीच!" आणि भलामोठा टिळा लावून वहिनींचा हात धरून ओढलं.

वहिनी नाचल्या असं मी म्हणणार नाही. दोन पावलं पुढे, दोन मागे, एवढंच. टाळ्या वाजवल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. आम्हीही त्यांच्या शेजारी गेलो. चार बायका, चार पावलं. एवढाच आमचा कार्निव्हल!

रात्री बाईंचा भाऊ गाडी घेऊन खाली आला होता. कामशेतवरून पवनानगर आणि पुढे तिकोणा पेठ. पोचायला बराच उशीर झाला. बाईंच्या भावजयीनं इंद्रायणी तांदळाचा भात, आमटी आणि लोणचं असं साधं वाढलं. मावळच्या त्या चिकट, सुवासिक भाताची चव विचारू नका! आयतं पान समोर आलं की साधी आमटीसुद्धा पक्वान्न लागते, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

शनिवारी सकाळी किल्ला. तिकोणा उंचीनं सुमारे साडेतीन हजार फूट. दुसरं नाव वितंडगड. शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना दिले त्यांत शेजारच्या तुंगाबरोबर हाही होता. पुढे तो पुन्हा स्वराज्यात आला. गावातून वर जायला दीड-दोन तास धरा, आपल्या चालीनं. वाटेत चपेटदान मारुती लागतो. हात उगारलेला आणि पायाखाली पनवती चिरडलेली. बाई म्हणाल्या, "इथे थांबून आपापली पनवती ठेवून जा." धाकटीनं गॅसवरच्या दुधाची ठेवली, मी वजनाची. पुढे तुळजाईचं लेणं, चुन्याचा घाणा, पाण्याची टाकी आणि मग बालेकिल्ल्याच्या त्या खड्या, उंच पायऱ्या. तिथे धाकटी पुढे, बाई मागे, आणि एकमेकींचे हात. वर त्र्यंबकेश्वर महादेवाचं छोटं देऊळ आहे. समोर पवनेचं निळं पाणी पसरलेलं, त्याच्या पलीकडे तुंगाचा सुळका, इकडे लोहगड आणि विसापूर. यांतल्या लोहगडाला त्याच वर्षी जुलैत जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली.

भावजयबाई खाली बोट दाखवून म्हणाल्या, "ते पाणी दिसतं ना, त्याच्या खाली शेतं होती. आमच्या सासूबाई त्या शेतांत लावणीला जायच्या." धरण १९७०च्या दशकात झालं. कितीतरी घरांची भातखाचरं त्यात गेली. आता त्याच पाण्याकाठी पुण्या-मुंबईची तरुण मंडळी शनिवारी तंबूत राहायला येतात. त्या रात्री आम्हाला पलीकडे लाल-निळे दिवे दिसत होते आणि गाण्यांचा धडधडाट ऐकू येत होता. गावातल्या कित्येकांचं पोट आता त्या तंबूंवर आहे, म्हणून भावजयबाई नाव ठेवत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आवाज जरा कमी हवा हो. म्हातारी माणसं झोपत नाहीत."

मी अंगणात वहिनींजवळ बसले होते. अंधार होता, म्हणून धीर झाला. म्हटलं, "वहिनी, गेल्या वर्षी मी हळदीकुंकवाला तुम्हाला बोलावलं नाही. चुकलं माझं."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डाळ छान झाली होती. पण बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता ना भिंतीतून, तो नको वाटला. त्या दिवशी मी टीव्ही मोठ्यानं लावून बसले होते."

मैत्रिणींनो, मी "त्यांना वाईट वाटेल" म्हणून बोलावलं नव्हतं. वाईट वाटू नये म्हणून आपण जे करतो, ते खरं तर आपल्याला अवघड होऊ नये म्हणूनच असतं, नाही का?

रविवारी रामनवमी. गावातल्या देवळात दुपारी बाराला पाळणा झाला, सुंठवडा मिळाला, आणि आम्ही परत निघालो. तीन दिवसांत घर बुडालं नव्हतं. आमच्या ह्यांनी कुकर लावायला शिकून घेतला होता. शिट्ट्या मात्र अकरा केल्या होत्या!

पुढच्या शुक्रवारी मी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. निमंत्रण द्यायला पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेले. सासूबाई आधी जरा कुरकुरल्या. त्यांना मी हेरवाडची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हे गाव. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव करून पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं ह्या प्रथा गावात बंद केल्या, आणि राज्य सरकारनंही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याविषयी परिपत्रक काढलं. सासूबाई ऐकून घेतल्या. पटलं असं म्हणाल्या नाहीत. पण संध्याकाळी वहिनी आल्या तेव्हा पन्ह्याचा पेला त्यांनी स्वतः उठून दिला.

आलेल्या बायकांपैकी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मला दिसलं. ते तुम्हालाही दिसेल. दिसू दे. वहिनींनी कुंकू लावून घ्यायचं की नाही, ते त्यांच्यावर सोडलं होतं. त्यांनी हळद लावून घेतली आणि कुंकवाला "राहू दे गं" म्हणाल्या. मग कुयरी माझ्या हातून घेतली आणि उरलेल्या सगळ्यांना त्यांनीच कुंकू लावलं. भिंतीच्या अलीकडे त्या दिवशी आणखी एक हसणारा आवाज होता.

तुम्हाला एकवीरेला जायचं असेल तर चार गोष्टी सांगते. जत्रेच्या दिवशी सकाळी लवकर मळवली गाठा. अंगावर सोनं घालू नका. वेणीफणी करा हवी तेवढी. पायांत न घसरणाऱ्या चपला, पिशवीत पाण्याची बाटली, लिंबू-साखर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. गर्दीत मोबाईल लागत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते चढण्याआधीच ठरवा. ओटीचं सामान घरून बांधून न्या. खण किंवा साडी, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, एवढं पुरतं. गर्दी झेपत नसेल तर जत्रा सोडून एरवी साध्या वारी जा, लेणं निवांत बघता येतं. आणि तिकोणा चढायचा असेल तर पावसाळ्यात त्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा हिवाळ्यात जा.

आणि पाचवी गोष्ट. निघण्यापूर्वी आपल्या आळीवर एक नजर टाका. तुमच्या हळदीकुंकवाच्या यादीतून गळलेलं एखादं नाव असेल. त्यांना आधी विचारा, "येता का?" पिशवीच्या तळाशी खण त्यांनी कदाचित केव्हाचाच घालून ठेवला असेल.